जठरांतील जंतूची परीक्षा

पोटांत आग पडली कीं तिखटास, जागरणास किंवा चिंतेस दोष द्यावयाचा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. वैद्यही बहुत काळ असेंच समजत. परंतु १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं रोग्याच्या जठरांतून एक मळसूत्री जंतु वाढवून दाखविला. ईस्टरच्या सुटीमुळें तबकडी नेहमींपेक्षां अधिक दिवस उबेंत राहिली, म्हणून तो दृष्टीस पडला! त्याचें नांव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरांतील व्रणांचें एक मोठें कारण तोच होय. उभयतांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जंतु प्रतिजैविक औषधांनीं मरतो, ही गोष्ट खरी. पण प्रत्येक औषधानें मरतोच असें नाहीं. क्लॅरिथ्रोमायसिन हें त्यावरील एक मुख्य औषध. त्यास न जुमानणारे जंतु इतके वाढले कीं, ज्यांवर नवीं औषधें तातडीनें शोधावयास हवीं अशांच्या यादींत २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांस घातलें. हे आले कोठून? साध्या खोकल्यासाठीं आपण परस्पर दुकानांतून आणितों त्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या याच कुळांतील. त्यांनीं जठरांतील कांहीं जंतु मरतात, आणि ज्यांच्या ठायीं बचावाची शक्ति असते ते मागें राहून वाढतात. खोकला तर बहुधा आपोआपच जावयाचा असतो.

म्हणून एकदां औषध निष्फळ झालें असतां अंदाजानें दुसरें, तिसरें देत बसण्यापेक्षां प्रयोगशाळेस विचारावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. ही परीक्षा सोपी नव्हे. दुर्बिणीच्या नळीनें जठराच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढावा लागतो. रक्तमिश्रित पोषक थरावर, ३७ अंश उष्णतेंत, अल्प प्राणवायूंत त्यांतील जंतु कित्येक दिवस जपून वाढवावे लागतात. मग चढत्या प्रमाणांत औषध भरलेली पट्टी त्यांवर ठेवितात व जेथें वाढ थांबते तेथील आंकडा वाचितात. क्लॅरिथ्रोमायसिनपुरतें उत्तर जंतूच्या जनुकांतील फरक पाहून कांहीं तासांतही मिळूं शकतें. मात्र मेट्रोनिडाझोलच्या बाबतींत तबकडीवरचा निकाल व रोग्याचा अनुभव यांचा मेळ नेहमीं बसत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

खर्च होतो, दिवस जातात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण निष्फळ गोळ्यांचे चौदा दिवसही खर्चाचेच असतात, आणि त्यांतून उरलेला जंतु अधिक हट्टी होतो. जेथें अशी परीक्षा होत नाहीं, तेथें पूर्वीं कोणतीं औषधें घेतलीं हें डॉक्टरांस ठाऊक असणें हाच मोठा आधार. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं जुन्या चिठ्ठ्या रद्दींत जातात. त्या एका डब्यांत ठेवावयास असे कितीसे कष्ट पडतात?