बावीस वर्षांनंतर पाहिलेले रियाध



अल्लाहच्या मेहरबानीने दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन उमरा झाला. मक्का-मदिनेबद्दल अनेकांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. आज लिहायचे आहे ते परतण्याआधी रियाधमध्ये काढलेल्या चार दिवसांबद्दल. उमऱ्याच्या व्हिसावर आता सौदीतल्या इतर शहरांतही फिरता येते, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नसते. जेद्दाहून विमानाने दोन तासांच्या आत रियाध येते.

आम्ही गेलो ते मात्र शहर पाहायला नव्हे, भाईजानना भेटायला. माझे मोठे भाऊ बावीस वर्षे तिथे एसी दुरुस्तीचे काम करतात. बत्हा या जुन्या बाजारपेठेत सहा जणांच्या खोलीत राहतात. अम्मीला ती खोली एकदा डोळ्यांनी पाहायची होती.

पहिल्या संध्याकाळी मी विचारले, "भाईजान, इथे पाहण्यासारखे काय काय आहे?"

ते हसले. "मला काय विचारतेस? मोबाईलवर बघ."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. शहरातल्या बहुतेक मोठ्या इमारतींच्या छतावर ते चढलेले आहेत, पण समोरच्या दारातून आत गेलेले नाहीत. अनेक वर्षे तिथल्या हॉटेलांना दोन दरवाजे असत, एक फॅमिलीसाठी आणि एक सिंगल पुरुषांसाठी. सुट्टीच्या दिवशी कितीतरी मॉलमध्ये एकट्या पुरुषाला दारावरूनच परत पाठवत. गावी बायको आणि तीन मुले असलेला माणूस तिथे 'सिंगल' ठरतो! वेगळ्या दरवाज्यांची सक्ती डिसेंबर 2019 मध्ये उठली, पण तोवर माणसाची सवय ठरून गेलेली असते. शुक्रवारी नमाज, कपडे धुणे, गावी फोन, संध्याकाळी बत्हाच्या फुटपाथवर गावकऱ्यांशी गप्पा. मग कुटुंब तिकडेच का नेले नाही, असे कुणी विचारेल. जुलै 2017 पासून परदेशी कामगारासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 100 रियाल भरावे लागू लागले आणि दरवर्षी वाढत 2020 मध्ये ते 400 झाले. भाभी आणि तीन मुलांचे महिन्याला 1600 रियाल होतात, तेही घरभाडे आणि शाळेची फी धरण्याआधी. जे कुटुंब घेऊन राहत होते, त्यांतल्याही कितीतरी जणांनी बायकामुलांना परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने निघालो. ही मेट्रो डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली. सहा मार्ग आहेत, लांबी 176 किलोमीटर, आणि गाडीला चालक नाही. चार रियालच्या तिकिटात दोन तास फिरता येते. डब्यात फॅमिलीचा भाग वेगळा आणि सिंगलचा वेगळा. गाडी आली तसे भाईजान न बोलता सिंगलकडे वळले. अम्मीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "इकडे ये. तू आमच्यासोबत आहेस."

कसर अल-हुक्म स्टेशनवर उतरलो की मस्मक किल्ला जवळच आहे. 1865 च्या सुमाराचा हा किल्ला कच्च्या विटांचा आणि मातीचा. चार कोपऱ्यांना चार बुरूज, आत विहीर, छोटी मशीद आणि बैठकीचा दिवाणखाना. जानेवारी 1902 मध्ये तरुण अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी मूठभर साथीदारांसह पहाटे हल्ला करून हा किल्ला रशीदी घराण्याकडून घेतला आणि तिथून आजच्या सौदी राज्याची सुरुवात झाली. त्या झटापटीत फेकलेल्या भाल्याचे टोक मुख्य दारात रुतले, ते अजून दाखवतात. मला जास्त आवडली ती त्या दाराच्या मधोमध असलेली खिडकीवजा वाट. एका वेळी एकाच माणसाने वाकून जायचे, म्हणजे आतल्याला येणारा कोण ते आधी कळते. प्रवेश मोफत. भाईजानांच्या खोलीपासून पायी पंधरा मिनिटे. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच आत आले होते आणि विहिरीपाशी बराच वेळ उभे राहिले. पाणी कसे वर काढत असतील, कप्पी कुठे असेल, हे मला समजावून सांगत होते. कारागिराची नजर ती!

रियाध हे नाव आपल्याला परके नाही. 'रौदा' म्हणजे बाग, त्याचे अनेकवचन 'रियाद'. इमाम नववींचे 'रियाज़ुस्सालिहीन' ज्या घरात आहे, त्या घरात हा शब्द रोज उच्चारला जातो. पूर्वी इथे खरोखरच विहिरींवरच्या खजुराच्या बागा होत्या आणि भोवती मातीची तटबंदी. 1950 च्या सुमारास तट पाडला आणि पुढे तेलाचा पैसा आला तशी मातीची घरेही गेली. आज शहरात सत्तर लाखांवर माणसे राहतात आणि पिण्याचे पाणी थेट आखाताच्या किनाऱ्यावरून, समुद्राचे पाणी गोडे करून, शेकडो किलोमीटरच्या नळांतून वर चढवले जाते. 302 मीटर उंच किंगडम टॉवरच्या माथ्यावरच्या पुलावरून रात्री दिवे छान दिसतात. आम्ही दहा मिनिटांत खाली आलो.

त्यापेक्षा दिरिया. शहराच्या वायव्येला, वादी हनीफाच्या काठावर सौद घराण्याची ही पहिली राजधानी. 1818 मध्ये इब्राहीम पाशाच्या फौजेने कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर ती घेतली आणि उद्ध्वस्त केली. पुढे 1824 मध्ये राजधानी रियाधला आली. दिरियाचा अत-तुरैफ हा भाग 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मातीच्या भिंती, हवेसाठी ठेवलेली त्रिकोणी भोके, पडक्या वाड्यांच्या सावल्या. आमच्या आजोळच्या ओटीवरच्या भिंतीला हात लावल्यावर जो गारवा लागायचा, तोच इथे लागला. दुपारी बाहेर ऊन असूनही.

पण समोरच्या बाजूला नवे दिरिया उभे राहते आहे आणि त्यालाही मातीचाच रंग. महागडी हॉटेले, एका कॉफीचा भाव ऐकून अम्मी तोबा तोबा करू लागली. ज्या शहराने साठ-सत्तर वर्षांपूर्वी मातीची घरे मागास म्हणून पाडली, तेच आता करोडो रियाल ओतून मातीसारखी दिसणारी घरे बांधते आहे. भिंतीला लेप देणाऱ्या दोघांशी भाईजान उर्दूत बोलले. एक बिहारचा निघाला, एक पाकिस्तानचा. मजुरीची चौकशी झाली, गाव विचारून झाले. माहितीच्या फलकावर वास्तुकला, इतिहास, राजघराणे सगळे होते. त्या दोघांसाठी कुठे ओळ नव्हती.

राष्ट्रीय संग्रहालय मात्र लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी चुकवू नये. 1999 मध्ये सुरू झालेल्या या इमारतीत आठ दालने आहेत. विश्वाच्या उत्पत्तीपासून जाहिलियतचा काळ, मग नबी ﷺ यांची बेअसत आणि पुढचा इतिहास अशी ती क्रमाने येतात. शेवटचे दालन हज आणि दोन्ही पवित्र मशिदींचे. नुकतीच तिथून आलेली अम्मी त्या दालनातून निघेचना.

रियाध सीझनच्या बुलेवार्डला आम्ही गेलो नाही. तिथे इतर देशांच्या नकला उभारल्या आहेत, त्यांत भारतही आहे म्हणे. 2018 मध्ये सिनेमागृहे पुन्हा उघडली, बायका गाडी चालवू लागल्या आणि आता मोठमोठे गाण्याचे जलसे होतात. आपल्याकडचे अनेक जण यावर हळहळतात. मला सगळेच पटते असे नाही. पण एकटी बाई टॅक्सी चालवत आम्हाला सोडायला आली आणि अम्मीने तिला दुआ दिली, तेव्हा माझ्या मनात तरी तक्रार नव्हती.

तुवैक डोंगराचा तो प्रसिद्ध कडा, 'जगाचा कडा' म्हणतात तो, राहूनच गेला. सुमारे शंभर किलोमीटर, शेवटचा रस्ता कच्चा, मोठी गाडी लागते. जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे, पाणी भरपूर न्यावे आणि अंधाराआधी परतावे.

गावी आल्यावर भाभी फोटो पाहत बसली. इतकी वर्षे व्हिडिओ कॉलमध्ये तिने एकच भिंत आणि तिच्यावरचे कॅलेंडर पाहिले आहे. टॉवरचे फोटो तिने भराभर सरकवले. मग विचारले, "यातले त्यांच्या खोलीच्या जवळ कुठले?"

मी मस्मकचा फोटो दाखवला. दारातल्या त्या छोट्या वाटेतून भाईजान वाकून बाहेर येताहेत. तिने तो बोटांनी मोठा केला आणि विचारले, "किती वेळ लागतो चालत?"