मत माहेरचं की सासरचं?

निवडणूक पार पडली की आपल्या बैठकांमधून एक सूर हमखास ऐकू येतो. आजकालच्या मुलींना राजकारणाचं काही पडलेलं नाही. त्यांना मोबाइल हवा, मत द्यायला नको. आणि देतातच तर नवरा सांगेल त्याला, नाहीतर पंधराशे रुपये देईल त्याला! बाहेरच्या कुणी असं म्हटलं तर मी सोडून देते. पण हे चळवळीत तीस-तीस वर्षं घालवलेल्या मैत्रिणींच्या तोंडून ऐकलं, तेव्हा लिहायला बसले. माझं म्हणणं एवढंच आहे की तरुण मुलगी कुणाला मत देते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, तिचं नाव यादीत आहे का? आणि असलं तर कुठल्या गावच्या?

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. तेव्हा 'युवाशक्ती'चा केवढा गजर झाला होता! आता २०२४ ची लोकसभा बघा. निवडणूक जाहीर झाली तेव्हा १८-१९ वयाचे सुमारे १ कोटी ८२ लाख नवे मतदार यादीत होते. या वयाची मुलंमुली देशात त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांची नावंच यादीत नव्हती. दुसरीकडे त्याच निवडणुकीत, यादीत असलेल्या बायकांपैकी ६५.७८ टक्के मतदान करून आल्या, पुरुष ६५.५५ टक्के. २०१९ मध्येही बाया पुरुषांच्या किंचित पुढेच होत्या. उदासीन म्हणायचं कुणाला? नाव असलं तर बाई जाते. उन्हातान्हात, पोर कडेवर घेऊन जाते. अडतं ते नावापाशी.

का अडतं, हे घराघरात जाऊन यादी तपासली की कळतं. मराठवाड्यातल्या गावांत हे काम करताना मी एकच संवाद इतक्या दारांत ऐकला आहे की तो आता पाठ झालाय. पोरगी दारात उभी असते, अठरा पूर्ण झालेली, बारावी दिलेली. फॉर्म पुढे केला की आई म्हणते, "हिचं कशाला ताई? उन्हाळ्यात लगीन हाय. तिकडंच टाकतील." पुढल्या वर्षी सासरच्या गावी गेलं की सासू म्हणते, "आधार अजून माहेरचंच हाय. एखादं लेकरू होऊ द्या, मग बघू." लेकरू होतं. मग त्याचा जन्मदाखला, त्याच्या लशी, रेशनकार्डात त्याचं नाव. बाईचं नाव शेवटी. दोन्हीकडून कुणी तिचा हक्क नाकारलेला नसतो बरं का! फक्त दोन्हीकडे ती पाहुणी असते.

कायद्याने मुलीला मत अठराव्या वर्षी दिलं आणि लग्नही अठराव्या वर्षी. मुलाला मत अठराव्या वर्षी आणि लग्न एकविसाव्या. मुलाला मतदार म्हणून वावरायला मधली तीन वर्षं मिळतात, मुलीच्या वाट्याला एकच वाढदिवस. तोही सगळ्यांना नाही मिळत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातल्या एकीहून जास्त. त्या मतदार होण्याआधी सून होतात.

त्यात नावाचा घोळ. मुलगा जन्मापासून मरेपर्यंत एकाच नावाने जगतो. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि अजूनही कित्येक घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं पहिलं नावही नवं लिहितात. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचं, लग्नाची नोंद झालेलीच नाही. मग यादी करणारा कर्मचारी म्हणतो, "कागद जुळत नाहीत." कसे जुळतील?

ही गोष्ट आजची नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता. पण नाव न सांगण्याची शिस्त ज्या घराने लावली त्या घराचं मत शाबूत राहिलं, बाईचं गेलं. पुढे २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांनी स्वतःच्या कागदाबरोबर आई किंवा वडिलांचा कागद द्यायचा, २ डिसेंबर २००४ नंतरच्यांनी दोघांचाही, असा त्यात नियम होता. पहिल्या कच्च्या यादीत ६५ लाख नावं कमी झाली. त्यात मेलेले होते, दोनदा नोंदलेले होते, हे मान्य. पण हा नियम एखाद्या बावीस वर्षांच्या सुनेला लावून बघा. मुलाचे आईबाप त्याच घरात, कागद त्याच पेटीत. तिला कागदासाठी माहेर गाठायचं. गाडीभाडं मागायचं, रजा मागायची, आणि भावाने पेटी उघडायला हवी. नियम सगळ्यांना सारखा, त्याची किंमत मात्र तिला जास्त.

आता दुसरी बाजू ऐका. काही मुलींची नावं माहेरच्या यादीत अठराव्या वर्षीच घातली जातात आणि लग्नानंतर वर्षानुवर्षं तिथेच राहतात. तेव्हा घरच्यांना तिच्या मताची किंमत बरोबर कळलेली असते. ग्रामपंचायतीला वॉर्ड पाच-सातशे मतांचा, निकाल दहा-वीस मतांवर. मग पॅनलवाले माहेरवाशिणींची यादी करतात, जीप पाठवतात, साडी-चोळीही करतात. विरोधी पॅनल त्याच मुलींच्या नावांवर हरकती घेतं, 'लग्न होऊन गेली' म्हणून. नाव ठेवणारे पुरुष, खोडणारे पुरुष, आणि जिचं नाव ती तिकडे भाकऱ्या थापते. बहिणीला आणायला दोनदाच गाडी येते, असं एका शिबिरात एकीने सांगितलं होतं. एकदा मतदानाला आणि एकदा हक्कसोड पत्रावर सही करायला! २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. सातबाऱ्यावर तिचं नाव नको, मतदारयादीत हवं. तेही पॅनल आपलं असेल तर.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात सांगते. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. बीडमधून निघालेली नवराबायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाची उचल घेऊन गेलेली. मतदानाला परतायचं तर खाडा धरतात. टपाली मतदान सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरच्यांना घरी बसून मत देता येतं. एकोणिसाव्या वर्षी फडात उभ्या असलेल्या बाईला यातलं काही नाही. स्थलांतरितांसाठी दूरून मतदान करायचं यंत्र २०२३ च्या जानेवारीत राजकीय पक्षांना दाखवायला आणलं होतं. पक्षांनी शंका काढल्या. शंका खऱ्याही असतील, पण या बाईचं मत वाचवायचा दुसरा मार्ग कुणी सुचवला नाही.

आणि राजकारण शिकायचं तरी कुठे? मुलगे ते पारावर शिकतात, टपरीवर शिकतात, गणपती मंडळात वर्गणी मागताना शिकतात. दहीहंडीला नेत्याचा फोटो लावून फ्लेक्सवर स्वतःचा छोटा फोटो टाकतात. त्या फ्लेक्सवर मुलगी दिसली तर वाढदिवसाची नाहीतर बोर्डात पहिली आलेली. महाविद्यालयांत निवडणुका होत्या तेव्हा निदान मुलींना उभं राहता यायचं. तिथे हाणामाऱ्या झाल्या, खून पडले, म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. गुंडगिरी मुलग्यांची, दार सगळ्यांचंच बंद! २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये त्या जाहीरही झाल्या आणि विधानसभेचं कारण सांगून पुढे ढकलल्या. एका पिढीच्या मुली पदवीधर झाल्या, आया झाल्या, त्यांच्या मुली महाविद्यालयात आल्या, मतपत्रिका काही दिसली नाही.

शहरात तरी वेगळं काय घडलं? पुणे-मुंबईत महापालिकेचं मतदान झालं २१ फेब्रुवारी २०१७ ला. त्यानंतरचं थेट १५ जानेवारी २०२६ ला. २०२२ पासून मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. २०१७ च्या उन्हाळ्यात अठरा पूर्ण केलेली मुलगी आपला पहिला नगरसेवक निवडायला गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नळाला पाणी कधी येतं, गल्लीत दिवे आहेत का, सार्वजनिक संडासाला कडी आहे का, हे सगळं ज्या निवडणुकीत ठरतं तीच तिला मिळाली नाही. आणि मिळाली तेव्हा मतदारयादी धरली १ जुलै २०२५ ची. त्यानंतर अठरा पूर्ण झालेल्यांना घरी बसावं लागलं. निवडणुका घ्यायच्या नाहीत आणि वर तरुण मतदान करत नाहीत म्हणून भाषणं ठोकायची, याला काय म्हणावं?

तरीही संधी मिळाली की मुली पुढे येतात. २०१६ मध्ये कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा मूक मोर्चे निघाले, तेव्हा सगळ्यांत पुढे तरुण मुली चालत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदनं त्यांनीच दिली, भाषणं त्यांनीच केली. त्या मोर्च्यांतली अॅट्रॉसिटी कायद्याबाबतची मागणी मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण लाखोंच्या समोर न अडखळता बोलणाऱ्या त्या मुली पुढे कुठे गेल्या, हा प्रश्न मला छळतो. कुठल्या पक्षाने त्यांना तिकिटं दिली? २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी जेमतेम वीस-बावीस बायका निवडून आल्या, त्यातही आमदार-खासदारांच्या लेकीसुना किती ते मोजा.

राहिले पंधराशे रुपये. 'लाडकी बहीण' योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पैसे आले, नोव्हेंबरात मतदान. निवडणुकीसाठीच ती आणली यात मला शंका नाही. पण कर्जमाफी झाली की शेतकरी 'विकला गेला' असं आपण म्हणतो का? सरकारने साखर कारखान्याच्या कर्जाला हमी दिली की चेअरमन विकला गेला म्हणतो का? मग स्वतःच्या नावच्या खात्यात पहिल्यांदा पैसे पडलेल्या बाईला लाज कसली? तिने हिशेब करून मत दिलं असेल तर तेही राजकारणच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टींवर आहे. पहिला राग 'बहीण' या शब्दावर. नागरिकाला हक्क असतो, बहिणीला ओवाळणी असते, आणि ती भावाच्या मर्जीवर. दुसरा, योजनेच्या अटींवर. वय २१ ते ६५. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता चालतील, अविवाहित मात्र घरटी एकच. म्हणजे मत अठराव्या वर्षी घेणार, लाडकी एकविसाव्या वर्षी करणार, आणि घरात दोन अविवाहित मुली असतील तर एकच लाडकी! लग्न झाल्याशिवाय बाई पूर्ण बाई होत नाही, हे सासू म्हणते तेव्हा आपण भांडतो. शासन निर्णयात लिहिलं तर चालतं?

याच शासनाने १३ डिसेंबर २०२२ ला निर्णय काढून आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. मुलींच्या काळजीपोटी म्हणे. जिला आमदार निवडायची अक्कल आहे असं कायदा मानतो, तिला नवरा निवडायची अक्कल आहे का हे एक समिती तपासणार! तरुण मुलींना राजकारणात रस नाही म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की राजकारणाला त्यांच्यात किती रस आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलींना मतदानाचं महत्त्व सांगणारी भाषणं आता पुरेत. रेशनकार्डासाठी, सातबाऱ्यासाठी आपण तहसिलात ठाण मांडून बसतो तसं मतदारयादीसाठी बसायला हवं. २०२२ पासून वर्षातून चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलीला आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गातच नमुना ६ भरून घेता येतो, लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत. लग्न होऊन आलेल्या सुनेसाठी नमुना ८, पत्ता बदलायचा. एकदा नाव असलं की ते हलवणं सोपं, म्हणून माहेरी नाव घालायचं टाळू नये हे आयांना पटवावं लागेल. यादीचं वाचन गावात चावडीवर होतं तेव्हा आपल्यापैकी दोघीतिघी तिथे हव्यात. 'लग्न होऊन गेली' अशी हरकत आली की ती कुठे गेली आणि तिथल्या यादीत आली का, हे विचारल्याशिवाय नाव खोडू द्यायचं नाही. एकीचं नाव दोन ठिकाणी नको हे कायद्याने बरोबर आहे. ते एकाही ठिकाणी नाही, असंही व्हायला नको.

जानेवारीत हळदीकुंकवाला सुना येतातच. वाणात प्लास्टिकचे डबे देतो त्याऐवजी नमुना ८ द्या, पेन द्या, आणि तिथेच भरून घ्या. सासू शेजारी बसलेली असेल तर तिचंही नाव तपासा, ते चुकीचं छापलेलं असण्याची शक्यता बरीच. आणि फॉर्मवर नावाचा रकाना आला की घाईने स्वतः लिहू नका. तिला विचारा, कोणतं नाव लिहायचं.