हात लावून तर बघू!

गेल्या जुलैतली गोष्ट. चिपळूणचा पाऊस, आठवडाभर कपडे वाळलेले नाहीत आणि रविवारी आमच्या बचत गटाची बैठक. शनिवारी दुपारी हिशेबाचा कागद काढावा म्हणून कॉम्प्युटर सुरू केला. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाठिक्कर. आतून नुसता ‘बीप, बीप’ आवाज. माझ्या पोटात गोळाच आला. चौदा जणींचा हिशेब त्या डब्यात! वही आहे हो, पण गेल्या चार महिन्यांचे कर्जाचे हप्ते मी आळसापायी वहीत उतरवलेच नव्हते.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. न बघताच म्हणाला, ‘‘वहिनी, फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.’’ ह्यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, ‘‘तू हात लावू नकोस, आणखी बिघडेल.’’

गंमत बघा. शेगडी पेटली नाही तर आपण नवी आणायला धावतो का? आधी सिलिंडर संपलाय का बघतो, मग रेग्युलेटर, मग बर्नरची भोकं सुईने साफ करतो. तिथे आपल्याला कुणी ‘हात लावू नकोस’ म्हणत नाही. मग हा डबा तेवढा सोवळ्यातला का?

डिप्लोमा करणाऱ्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘मावशी, गाडी कुठे अडते ते आधी बघ. दिवाच लागत नसेल तर प्लग, वायर, मागचं बटण. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची वायर नाहीतर रॅम. ‘बूट डिव्हाइस’ असं काही लिहून आलं, तर मशीनला विसरलेला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कची सैल वायर. विंडोजचं चिन्ह येऊन अडकलं, तर विंडोजचा संशय घ्यायचा. तुझं मशीन तिथवर पोचलेलंच नाही, मग फॉरमॅट कशाला? आणि तुझा हिशेब हार्ड डिस्कवर आहे, रॅममध्ये नाही.’’

काय सांगू, अर्धी भीती तिथेच गेली!

मग प्लग काढला, बटण थोडा वेळ दाबून धरलं, डब्याचं झाकण उघडलं. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आत धुळीचे पुंजके! फणीएवढी रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे खटके सोडून अलगद काढली. तिचे सोनेरी दात दमट हवेनं काळवंडले होते. लेकाच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने ते हलकेच घासले, चुरा पुसला आणि पट्टी परत दाबली, खटके ‘टक्’ वाजेपर्यंत. बटण दाबलं. एकच बीप, आणि पडदा उजळला! खर्च शून्य रुपये.

प्रत्येक वेळी खोडरबर पुरेल असं मी म्हणत नाही. जळका वास आला, तर जाणकारच बोलवावा. जिथे विजेची वायर लागते, तो पॉवर सप्लायचा डबा तर कधीच उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. दुरुस्तीवाले सगळे फसवे असतात असंही नाही. पण ‘गाडी नेमकी कुठे अडली?’ आणि ‘फॉरमॅटआधी माझ्या फायली काढून देणार का?’ हे दोन प्रश्न विचारायला काही डिप्लोमा लागत नाही. आपण विचारत नाही, कारण ‘तुला काय कळतंय’ हे ऐकून ऐकून आपल्यालाच ते पटलेलं असतं.

त्या रात्री चार महिन्यांचे हप्ते वहीत उतरवले, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मगच झोपले.

बैठकीत ही हकिगत सांगितली. कधी माऊसलाही हात न लावलेल्या आमच्या एक काकू शेवटी हळूच म्हणाल्या, ‘‘खोडरबर पेन्सिलीचंच ना गं? नातवाचं मशीनही असंच बंद पडलंय.’’