बाईंना ही काय गरज होती?

हा प्रश्न गेले पंधरा दिवस आमच्या गावात फिरतोय. चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत. विचारणारे बहुतेक शिकलेले, भले लोक आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून स्वतःच्या आयुष्याचं पुस्तक छापलं. ११० पानं, ३०० प्रती. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातल्यांना माहीत आहे, बाहेरच्यांना गरज नाही. पुस्तकात बालपण आहे, डी.एड.चं होस्टेल आहे, वडिलांचं पिणं आहे, पहिल्या नेमणुकीच्या वाडीवर पावसाळ्यात चालत जाणं आहे. हे सगळं लोकांनी कौतुकानं वाचलं. भडका उडाला तो शेवटाकडच्या साडेतीन पानांवरून.

त्या पानांत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली एक दुपार आहे. वडील गेल्यावर दोन महिन्यांनी भावांनी तिघी बहिणींना गाडीत बसवून तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो निघाले. येताना हॉटेलात जेवण आणि प्रत्येकीला एक साडी. बाईंनी साडीचा रंगसुद्धा लिहिलाय. पुढे एवढंच म्हटलंय की त्या दिवशी मी हसत होते, कारण नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं.

बास. कुणाला शिवी नाही, भावांची नावं नाहीत, जमीन परत द्या अशी मागणी नाही.

आता गंमत बघा. वडिलांच्या पिण्याबद्दल बाईंनी आठ पानं लिहिलीत, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. गाव बिथरलं ते साडीवरून. कारण तशी साडी या तालुक्यातल्या निम्म्या कपाटांत आहे. माझ्या आईच्या कपाटातही आहे. आई ती कधी नेसली नाही आणि कधी कुणाला दिलीही नाही.

तुम्ही हक्कसोडपत्र कधी नीट वाचलंय का? वाचा एकदा. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता' अशा थाटाची भाषा असते. लिहून देणारीनं ती लिहिलेली नसते, बहुतेकदा वाचलेलीही नसते. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेली-न झालेली हा भेद काढला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे कायद्यानं जे द्यायचं ते दिलं. आणि आपण काय केलं? कायदा जितका पक्का होत गेला तितक्या घाईनं पोरींना निबंधकाच्या कचेरीत नेलं.

आता विचार करा. पन्नास वर्षांनी कुणी या घराचे कागद उघडले तर काय दिसेल? नोंदणी झालेला दस्त, त्यावरून झालेला फेरफार, त्यावरून बदललेला सातबारा. सगळीकडे एकच गोष्ट: बहिणींनी आनंदानं दिलं. शिक्का आहे, फोटो आहे, दोन साक्षीदार आहेत. त्या सगळ्या कागदांसमोर उलटं सांगणारा एकच कागद उरेल, तो म्हणजे बाईंची साडेतीन पानं.

माझं म्हणणं इथंच आहे. माणसं स्वतःबद्दल खरं लिहितात ती मन मोकळं करायला, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. मन मोकळं करायला एक मैत्रीण पुरते, फार तर देवळाचा कट्टा. त्यासाठी पेन्शन खर्चून कुणी ३०० प्रती छापत नाही. माणूस लिहितो तेव्हा त्याला कळलेलं असतं की आपल्यामागे आपल्याबद्दल जे राहणार आहे ते दुसऱ्यानं लिहिलंय, आणि त्याखाली सही आपली आहे.

मराठीत हे नवीन नाही हो. महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ चं. त्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, बहिष्कार सोसला, पुढे संस्था उभ्या केल्या, १९५८ साली भारतरत्न मिळालं. हे आपण शाळेत शिकलो. पण ज्या विधवेशी लग्न केलं त्या आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, स्वतःचं 'माझे पुराण' लिहिलंय, हे किती जणांना माहीत आहे? संस्थेला सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरात पैशाची ओढाताण कशी व्हायची, ती कुणी निभावली, त्यासाठी बाया काय काय कामं करत होत्या, हे तिथं कळतं. त्यानं अण्णा कर्वे लहान झाले का? मला तर उलट वाटतं, पहिल्यांदाच तो माणूस घरात राहणारा माणूस वाटला. शिवाय त्या त्यागातला अर्धा वाटा कुणाचा, तेही समजलं. बायांनी लिहिलं नसतं तर तो वाटाही अण्णांच्याच नावावर चढला असता. (हासुद्धा एक फेरफारच म्हणायचा.)

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं किराणा दुकान चालवत, गल्ल्यावर बसून त्यांनी लिहिलं आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. पुढे ते 'स्त्री' मासिकातून आलं, आणि १९८६ साली पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'. वरच्या जातींनी काय केलं ते त्यात आहेच, पण महारवाड्यातल्या सासवांनी सुनांना कसं छळलं, पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा घातला जायचा, तेही त्यांनी लिहिलं. आपल्याच माणसांबद्दल लिहायला जी छाती लागते, ती शत्रूबद्दल लिहायला लागत नाही.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मला कायम खटकते. खटकते म्हणजे लेखिकेची चूक म्हणून नव्हे. त्यात 'आम्ही' भरपूर आहे, 'मी' फार कमी, आणि नवरा जवळजवळ नाहीच. त्याचा संशय, त्याची मारहाण याबद्दल त्या बोलल्या ते कितीतरी नंतर, इंग्रजी अनुवादाच्या वेळी झालेल्या मुलाखतीत. एवढं निर्भीड लिहिणाऱ्या बाईलाही एक दार बंदच ठेवावं लागलं होतं. म्हणून कुणी म्हणतं ना, 'हल्ली उठसूट कुणीही आत्मचरित्र लिहितं, सोपं झालंय', तेव्हा मला हसू येतं.

'बलुतं' आलं १९७८ साली. पांढरपेशा वाचकांना धक्का बसला, आणि दया पवारांना आपल्याच माणसांकडूनही ऐकावं लागलं की आपली लक्तरं वेशीवर का टांगलीस. 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबद्दल त्याच्या बायकोनं असं लिहावं का, म्हणून पत्रं नि परिसंवाद झाले. दर वेळी प्रश्न तोच: गरज काय होती? बाईंच्या पुस्तकाला तोच प्रश्न विचारला जातोय म्हणजे बाई बऱ्या पंगतीत बसल्यात म्हणायच्या.

बरं, आक्षेपांकडे येते. 'मेलेल्या माणसाबद्दल लिहिलं, तो उत्तर कसा देणार?' अहो, त्या मेलेल्या माणसाचा दर वर्षी पुण्यस्मरणाचा फ्लेक्स लागतो, पेपरात जाहिरात येते, कीर्तन होतं. त्याची बाजू दर वर्षी मांडली जाते. मुलीनं एकदा मांडली.

'प्रसिद्धीसाठी केलं.' ३०० प्रती. त्यातल्या दोनशे अजून त्यांच्या पलंगाखाली आहेत.

'घरातलं घरात ठेवावं.' घरातलंच होतं ना ते? मग निबंधकाच्या कचेरीत का नेलंत? तिथं तर सरकारी शिक्का मारून घेतलात.

एक आक्षेप मात्र मी खाली ठेवणार नाही, कारण तो खरा आहे. आपली गोष्ट सांगताना दुसऱ्याची गोष्ट फुकटात उघडी पडते. भावाची, जावेची, लेकरांची. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. सूड उगवायला लिहिलेली पुस्तकंही असतात, मी वाचलीत. पानापानावर दुसरे राक्षस आणि लेखक आपला गाईचं वासरू. मी माझ्यापुरती एक खूण ठरवलीय: लिहिणाऱ्यानं स्वतःला किती सोडलंय? दया पवारांनी पहिल्या बायकोवर घेतलेला संशय स्वतःच लिहून ठेवला, कुणी मागितला नव्हता. आमच्या बाईंनीही लिहिलंय की धाकट्या बहिणीची सही करायची इच्छा नव्हती, तिला कोपऱ्यात नेऊन समजावलं ते मीच. हे वाक्य सूड घेणारी बाई लिहीत नाही.

आणि हो, आपल्या जिल्ह्यात पुढाऱ्यांची आत्मचरित्रंही निघतात. आर्ट पेपर, रंगीत फोटो, लिहिणारा दुसराच, प्रकाशनाला मंत्री. त्यात साहेब गरिबीतून वर येतात आणि पुढे त्यांच्या हातून आयुष्यभर एकही वाईट गोष्ट घडत नाही. ती पुस्तकं आमच्या वाचनालयात दर्शनी कपाटात आहेत. त्यांच्याबद्दल 'काय गरज होती' असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

वाचनालयाचा विषय निघालाच आहे तर सांगते. बाईंनी दोन प्रती भेट दिल्या होत्या. त्यांची नोंद झाली, नंबर पडला, आणि आठवड्यात त्या आतल्या खोलीत गेल्या. का, तर काही सभासदांची तोंडी तक्रार आहे म्हणे. रविवारी सकाळी १० वाजता कार्यकारिणीची बैठक आहे, मी कार्यकारिणीवर आहे, आणि मी जाणार आहे. माझी मागणी साधी आहे. वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, तक्रार लेखी द्या. कोणतं पान, कोणतं वाक्य, त्यात खोटं काय, आणि खाली तक्रारदाराचं नाव. खोटं निघालं तर प्रती परत करायला मीच बाईंच्या घरी जाईन. पण 'खरं आहे पण बरं दिसत नाही' हे कारण इतिवृत्तात तसंच्या तसं लिहून घ्यावं लागेल, मी त्याशिवाय सही करणार नाही.

सभासदांनी जमेल तितक्यांनी यावं, विशेषतः बायकांनी. तोपर्यंत कुणाला पुस्तक वाचायचं असेल तर माझ्याकडे दोन प्रती आहेत, चार दिवसांत परत करायच्या बोलीवर. एक सध्या वरच्या आळीत गेलीय आणि यादीत पुढची सात नावं आहेत. सातही बायकांची.