मरणोन्मुख आमरी आणि आपला पाण्याचा तांब्या

शेतीच्या मासिकांत कुंडींतल्या एका शोभेच्या फुलाविषयीं लिहिलेलें पाहून कित्येक वाचक हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. तीन वर्षांपूर्वीं आम्हीही हंसलों असतों. परंतु ज्या चुकीनें हें झाड घरोघर मरतें तीच चूक आपण काळ्या जमिनींत दरसाल करितों, म्हणून हा विषय परका नाहीं असें आम्हांस वाटतें.

शहरांत ज्यास ऑर्किड म्हणतात त्या आमरीच्या कुळांतील फॅलेनॉप्सिस ही जात हल्लीं भेटीदाखल फार दिली जाते. जाड रुंद पानें आणि लांब दांड्यावर पतंगासारखीं फुलें, इ. स. १८२५ मध्यें ब्लूम नामक वनस्पतिशास्त्रज्ञानें दिलेल्या या नांवाचा अर्थही तोच आहे. आमच्या सूनबाईनें दिवाळीस पुण्याहून अशी एक कुंडी आणिली आणि परत जातांना, "मामंजी, ही आतां तुमच्या स्वाधीन," एवढेंच बोलून ठेवून गेली. तिच्या आईनें हयातींत दिलेली ती शेवटची वस्तु, हें आम्हांस मागाहून घरांतून कळलें.

फुलें पौषापर्यंत टिकलीं. पुढें झाड स्वस्थ बसलेलें पाहून आमच्यांतील शेतकरी जागा झाला. आम्हीं तें चांगल्या काळ्या मातींत लाविलें, वर कुजलेलें शेणखत घातलें आणि रोज सकाळीं तांब्याभर पाणी ओतूं लागलों. ज्येष्ठांत पानें सुरकुतलीं. तहान लागली असें समजून दोन तांबे ओतले. आषाढांत पानें लोंबलीं.

येथें आम्हांस नोकरींतील एक गोष्ट आठवली. पैसेवारीच्या निमित्तानें (जुनीं माणसें तिला अजून आणेवारीच म्हणतात) आम्ही अतिवृष्टीच्या सालीं शेतें पाहत फिरत असूं. पाणी तुंबलेल्या वावरांतील तूर भर ओलीमध्यें उन्हाळ्यांतल्यासारखी सुकलेली दिसे. मुळांस हवा न मिळाल्यानें तीं गुदमरतात, कुजतात आणि पायाशीं पाणी असून झाड तहानेनें मरतें. हें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलें होतें. पण तें घरच्या खिडकींत ओळखूं आलें नाहीं.

आणि आमरीस तर माती मुळींच नको. ती मूळची झाडाच्या खोडावर बसून राहणारी. आपल्या सह्याद्रींत पावसाच्या तोंडाशीं फुलणारी सीतेची वेणी तिच्याच कुळांतली. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून खरडून काढितात. हा अन्याय आहे. बांडगूळ आंब्याचा रस ओढतें, ही बापडी नुसती बसावयास जागा मागते. हिचीं मुळें उघड्या हवेंत लोंबतात. त्यांवर स्पंजासारखें पांढरें वेष्टन असतें. तें पावसाचें पाणी क्षणांत शोषून घेतें आणि लगेच वाळतें. अशा मुळांवर आम्हीं चिखल थापिला होता!

श्रावणांत आम्हीं झाड उपसून धुतलें. अकरा मुळांपैकीं आठ पिचपिचीत तपकिरी झालेलीं, दाबतांच साल हातांत येई. मध्यभागीं दुकानांतून आलेला ओल्या शेवाळाचा बोळा तसाच होता. म्हणजे आमच्यापूर्वींच कुजण्यास आरंभ झाला असावा. विकणारांनीं हा बोळा काढावयास सांगूं नये याचें आम्हांस नवल वाटतें. ब्लेड दिव्यावर तापवून कुजकीं मुळें कापलीं. कापल्या जागेस हळद लावा असें शेजारी म्हणाले. आम्हीं नुसतें एक दिवस सावलींत वाळूं दिलें, तेवढें पुरलें. नंतर तळास व बाजूंस भोंकें असलेल्या लहान कुंडींत लाकडी कोळशाचे खडे, विटेचे तुकडे आणि दोन दिवस भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून झाड बसविलें. कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. जास्त जागा म्हणजे जास्त ओल. वाळत चाललेला फुलांचा दांडाही कापला.

पाण्याचा निर्णय आतां मूळच देतें. ओलें असतां तें हिरवें दिसतें, वाळलें कीं रुपेरी होतें. रुपेरी झाल्यावांचून तांब्यास हात लावावयाचा नाहीं. पाणी सकाळीं द्यावें, आणि पानांच्या मधल्या पोंग्यांत साचूं देऊं नये. साचल्यास फडक्यानें टिपावें. पूर्वेची खिडकी उत्तम, दुपारचें ऊन नको. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे हवा फार कोरडी, तेव्हां खिडकीस ओलें गोणपाट टांगितों. खत मात्र नवीन मूळ दिसेपर्यंत मुळींच देऊं नये; पुढेंही अगदीं पातळ करून. जखमी मुळांस खत म्हणजे मीठ.

याउपर काय करावयाचें तर वाट पाहावयाची, आणि हेंच आम्हां शेतकऱ्यांस जड जातें. दप्तरी संवयीमुळें आम्हीं तारखा टिपून ठेविल्या आहेत. श्रावण ते कार्तिक कांहींच घडलें नाहीं. रोज तें टाकून देण्याचा सल्ला मिळे. चारपांचशें रुपयांत दुसरें मिळतें हा हिशेब खरा आहे. पण सूनबाईस तो कसा सांगावा? कार्तिकाच्या अखेरीस पानाच्या बुडाशीं हिरव्या टोंकाचें एक मूळ फुटलें. पुढील सालभरांत दोन पानें आलीं. जुनीं सुरकुतलेलीं पानें पूर्ववत् झालीं नाहींत, तीं होत नसतात. हिरवीं असेपर्यंत तोडूं नयेत. दुसऱ्या हिवाळ्यांत, रात्रीं गार होतांच, दांडा निघाला. थंड रात्रींवांचून ही जात फुलावर येत नाहीं, म्हणून कुंडी थंडीस भिऊन कोंडून ठेवूं नये.

यंदा फाल्गुनांत चार फुलें आलीं. सूनबाई शिमग्यास आली तेव्हां कुंडी खिडकींतच होती. तिनें ती पुण्यास नेली नाहीं. तेथील खिडकी पश्चिमेची आहे म्हणाली.