लैंगिक गुन्हेगारांची यादी कुठे बघायची?

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आठ वर्षांच्या लेकीला सर्दी-तापासाठी घेऊन आले होते. औषध लिहून झालं, तरी उठेनात. मुलीला बाहेर आईजवळ पाठवलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, परदेशात म्हणे मोबाईलवर पत्ता टाकला की आपल्या गल्लीत असा कुणी गुन्हेगार राहतो का ते दिसतं. आपल्याकडं ती यादी कुठं बघायची? पोरीला शाळेसाठी नवीन गाडी लावायचीय, डायव्हर ओळखीचा नाही."

प्रश्न बापाच्या काळजीचा होता, आणि हल्ली तो मला वरचेवर विचारला जातो. म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर, भारतात अशी यादी आहे. पण तुम्हाला-मला ती बघता येत नाही. ती सर्वांसाठी खुली करू नये, असं माझं मत आहे. मात्र तिचा उपयोग करून घेण्याचा एक मार्ग तुमच्या हातात आहे आणि बहुतेक पालक तो वापरत नाहीत.

यादी कुणाकडे आहे?

२० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीकोश सुरू केला. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी सांभाळतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो आणि छेडछाड या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची नावं, पत्ते, फोटो, बोटांचे ठसे असा तपशील त्यात असतो. सुरुवातीलाच त्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ही माहिती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. तपासासाठी आणि नोकरीपूर्वीच्या पडताळणीसाठी ते ती वापरतात.

"मग निदान एफआयआर तरी ऑनलाइन दिसतो ना?" असंही कुणी विचारतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. पण लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर त्यातून वगळले आहेत. कारण सरळ आहे. आरोपीचं नाव-गाव कळलं की आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात पीडित मूल कोण, हे कळायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

परदेशात काय आहे?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९९४ साली मेगन कान्का नावाच्या सात वर्षांच्या मुलीवर समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिला ठार मारलं. लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत त्याला आधी शिक्षा झालेली होती. शेजाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. लोक संतापले, आणि १९९६ मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा देशव्यापी कायदा आला. आज तिथे सरकारी संकेतस्थळावर नाव किंवा परिसर टाकून कुणालाही शोध घेता येतो.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे २०११ पासून पालक पोलिसांना एखाद्या ठरावीक माणसाबद्दल विचारू शकतात. पोलीस तपासतात आणि धोका वाटला तर त्या मुलाला जपू शकेल अशा व्यक्तीलाच सांगतात. ऐकणाऱ्याने ती माहिती गावभर करायची नसते.

आपल्याकडे यादी खुली का नको?

गुन्हेगारांची दया येते म्हणून मी हे म्हणत नाही. माझी कारणं तीन आहेत.

पहिलं, यादीत फक्त शिक्षा झालेले असतात. मुलाला खरा धोका बहुतेक वेळा ज्याचं नाव कुठेच नाही अशा माणसाकडून असतो. एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की बालकांवरील बलात्काराच्या नोंद झालेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. यादी तपासली, नाव नाही, म्हणून आपण निर्धास्त झालो, तर यादीने नुकसानच केलं. ज्या न्यू जर्सीत हा कायदा जन्मला तिथल्याच २००८ च्या अभ्यासात, कायद्यानंतर त्याच गुन्हेगारांनी पुन्हा लैंगिक गुन्हे करण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही.

दुसरं, आरोपी सख्खा काका किंवा मामा असेल आणि तक्रार केल्यावर त्याचा फोटो पत्त्यासकट आयुष्यभर मोबाईलवर फिरणार असेल, तर किती आई-बाप पोलीस ठाण्याची पायरी चढतील? "घराण्याची अब्रू" हे शब्द मी तपासणीच्या खोलीत इतक्यांदा ऐकलेत, की उत्तर मला माहीत आहे.

तिसरं कारण आपल्याच राज्यातलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने हे झालं. उद्या सरकारी शिक्क्याची यादी फिरू लागली आणि त्यातल्या नावाचाच दुसरा कुणी गावात सापडला, तर?

माहिती मिळवण्याचा पालकांचा हक्क मला मान्य आहे. त्यासाठी इंग्लंडसारखी, पोलिसांमार्फत एकेका माणसाची विचारणा करण्याची सोय आपल्याकडेही व्हावी, असं मला वाटतं. ती होईपर्यंत काय करायचं, ते सांगतो.

तुमच्या हातात काय आहे?

पोक्सो नियम २०२० नुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, सगळे यात आले. शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, कुणालाही सूट नाही.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुली, आणि आरोपी त्याच महिन्यात कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी. गुन्हा नोंदवायला उशीर झाला आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. माहिती दडवल्याबद्दल संस्थाचालकांवरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शासनाने शाळांना पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी यांचे आदेश नव्याने काढले.

म्हणून पुढच्या पालकसभेत गणवेश आणि फी यांच्या जोडीने एक प्रश्न विचाराच: "शाळेतल्या सगळ्यांची चारित्र्य पडताळणी झालीय का? कधी?" गाडीचा चालक, वसतिगृहाचा पहारेकरी, शिकवणीचे सर, यांच्याबद्दलही विचारा. हे प्रमाणपत्र महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतं. अर्ज त्या व्यक्तीनेच करायचा असतो. तुम्ही फक्त ते दाखवा म्हणायचं. यात कुणाचा अपमान नाही. मात्र स्वच्छ प्रमाणपत्राचा अर्थ "पोलिसांकडे नोंद नाही" एवढाच असतो. पुढची राखण आपल्यालाच करावी लागते.

माझी एक चूक

हे लिहिताना एक मुलगी डोळ्यांसमोर येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ती आजीकडे राहिलेली. आजी दोनदा तिला पोटदुखीसाठी घेऊन आली. पोट मऊ होतं, ताप नव्हता. एकदा मी जंताचं औषध दिलं, एकदा आम्लपित्ताचं. रांग मोठी होती, मी जास्त विचारलं नाही. तिसऱ्या वेळी लघवीला जळजळ होते म्हणून आणली, तेव्हा नर्सबाईंनी तिला बाजूला बसवून पाच मिनिटं गप्पा मारल्या. त्या पाच मिनिटांत ते बाहेर आलं. माणूस घरातलाच होता. कुठल्याही यादीत त्याचं नाव सापडलं नसतं, पण पोरगी दोन महिने आपल्या परीनं सांगत होती.

कारण न सापडणारी पोटदुखी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, लघवीला जळजळ, शाळेत किंवा एखाद्याच्या घरी जायला एकाएकी नकार, ठरावीक माणूस आला की गप्प होणं. यातली एकही गोष्ट पुरावा नाही. पण यातलं काही दिसलं तर मुलाला एकट्याला, शांतपणे, विचारा. आपल्या भागातून हजारो जोडपी हंगामाला बाहेर जातात. मागे राहिलेल्या लेकरांना हे विचारणारं एक तरी माणूस घरात हवं.

मूल काही बोललं तर

आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. "तू तिकडं गेलीसच कशाला?" हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका; ते कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. उपचार मोफत मिळतात, आणि सरकारी असो की खासगी, "आधी एफआयआर आणा" असं कुठल्याही रुग्णालयाला म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, पालकांच्या किंवा मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या समोर करायची असते. बरेच दिवस उलटले असले तरी या. उपचार आणि तक्रार, दोन्हींचा मार्ग तेव्हाही उघडा असतो.

पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं, आम्हा डॉक्टरांनीसुद्धा. न कळवणं हा गुन्हा आहे. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल मात्र तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि तो घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात यायचं नसतं.

त्या गृहस्थांनी चालकाकडून प्रमाणपत्र मागून घेतलं. परवा ते दाखवायला आले होते. मी म्हटलं, "बरं केलंत. आता रोज संध्याकाळी लेकीला विचारत जा, आज गाडीत कोण कोण होतं, कुठं बसलीस, काय झालं. आणि ती बोलत असताना मोबाईल बाजूला ठेवा."

मदतीसाठी क्रमांक: चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२. दोन्ही चोवीस तास सुरू असतात.