बुडाला बूच नको

ज्या गल्ल्याच्या बुडाला बूच असतं त्याला गल्ला म्हणू नये, असा एक कायदा व्हायला हवा. हवं तर डबा म्हणा, बरणी म्हणा, आईची दुसरी पर्स म्हणा. गल्ल्याला वाट एकच, आत जायची. बाहेर यायचं तर फुटूनच.

आमच्या इतवारीत हा प्रश्न दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पेटतो. तुम्ही पुण्यामुंबईकडचे असाल तर थोडं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी मारबत निघते आणि संध्याकाळी तान्हा पोळा भरतो. तान्हा म्हणजे पोराटोरांचा. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत पोरं घरोघर जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा म्हणजे खाऊचे पैसे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. राजेसाहेबांनी बैल दिला, बोजारा दिला. तो ठेवायचा कुठे, एवढं सांगायचं राहून गेलं.

ती उणीव आयांनी भरून काढली. "दे इकडे, हरवशील. मी ठेवते नीट." या वाक्यानंतर ते पैसे पुन्हा कुणाला दिसले आहेत का? अगदीच सुधारलेलं घर असलं तर पोराला प्लॅस्टिकचा गल्ला आणून देतात. त्याच्या बुडाला बूच. दुधवाल्याला सुट्टे हवे असतात, ऑटोवाल्याकडे सुट्टे कधीच नसतात, आणि बूच काढायला दोन बोटं पुरतात. दिवाळीपर्यंत गल्ला निम्मा होतो. पोरगं रोज हलवून पाहतं आणि खूश होतं, कारण आवाज पहिल्यापेक्षा मोठा येतो. गच्च भरलेला गल्ला मुका असतो. अर्धा रिकामा झाला की खुळखुळतो. ज्या दिवशी ते बूच पोराच्या ध्यानात येतं, त्या दिवशी ते पैसे साठवणं सोडतं आणि हाती पडेल ते लगेच चिंचगोळ्यांत घालतं. मग आपणच म्हणतो, "आजकालच्या पोरांना पैशाची किंमत नाही." मोठ्या माणसाच्या खिशातून न विचारता दहा रुपये काढले तर ती चोरी, पोराच्या गल्ल्यातून काढले तर तो संसार!

तेव्हा आमचं म्हणणं सरळ आहे. गल्ला घरी करा, कागदाचा करा, आणि पोरांच्याच हातांनी करा.

कागदाचं काम म्हटलं की लोकांना ते इंग्रजी शाळेतलं वाटतं. अहो, आपल्या आज्या रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून टोपल्या करत होत्या. आणि इतवारीच्या माणसाला कागदाचं काय सांगता? कामट्या आणि कागदाचे बडगे इथे दरवर्षी रस्त्यावरून मिरवत जातात. काळ्या मारबतीची परंपरा तर 1881 पासूनची सांगतात. ज्या गावात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाचाही बडग्या होतो, तिथे एक गल्ला होणार नाही?

हस्तकलेच्या पुस्तकात मात्र डुक्कर करायला सांगतात. तो विलायतेचा रिवाज. आमच्याकडे डुकरं धरायला महानगरपालिकेची गाडी येते. त्याच्या पोटात लक्ष्मी ठेवायला आमची सौ. तयार नाही. आम्ही बैल करतो.

पोळ्याच्या आठवडाभर आधी बसावं, कारण श्रावणातल्या दमट हवेत एकेक थर वाळायला दिवस घेतो. फुगा फुगवायचा. रद्दीच्या पट्ट्या फाडायच्या (कापायच्या नाहीत; फाटलेली कड चांगली बसते) आणि मैद्याच्या खळीत बुडवून आडव्याउभ्या चिकटवायच्या. असे पाच-सहा थर. खळ नातवाच्या कोपरापर्यंत जाते, नातीच्या वेणीत जाते, मांजराच्या शेपटीलाही लागते. जाऊ द्यावी. चांगलं वाळलं की फुगा फोडायचा, पोट मधोमध कापायचं, फटीच्या आतल्या बाजूला चिंधीची एक जीभ चिकटवायची आणि दोन्ही भाग पुन्हा जोडून टाकायचे. ही जीभ विसरू नका. मातीच्या गल्ल्यातून आकड्याने नोटा ओढणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि ती दिसायला फार सज्जन असतात. मग गुंडाळलेल्या कागदाची शिंगं आणि दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे पाय. पाय भक्कम हवेत. दहा रुपयांची शंभर नाणी पाऊण किलोच्या वर भरतात.

यात मोठ्यांनी एकच पथ्य पाळायचं, हात लावायचा नाही. बैल गाढवासारखा झाला तर होऊ द्या. बाजारातला गल्ला आई सहज उघडते, पण पोरानं आठवडाभर खळीत हात घालून केलेल्या बैलाच्या पोटावर सुरी चालवायला तीही धजत नाही. आमचं सगळं कुलूप एवढंच आहे.

शेजारचे एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "हे कायले करून राह्यले बाप्पा? खातं उघडून द्या. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये सांगितलं, दहा वर्षांवरचं पोरगं खातं स्वतः चालवू शकते." खरं आहे. पण आमची नात सहाची. तिचं खातं तिचा बाप चालवणार आणि पासबुक त्याच्या कपाटात राहणार. म्हणजे पुन्हा बूचच, फक्त सरकारमान्य. दुसरे म्हणाले, "नोटाबंदी आली तर?" 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या हे आम्हीही विसरलेलो नाही. पण तान्ह्या पोळ्याला हजाराची नोट ठेवणारा दानशूर आमच्या ओळीत तरी राहत नाही.

यंदाचा बैल माळ्यावर वाळतो आहे. सुनेनं दोनदा विचारलं, "आबा, खालून छोटंसं झाकण ठेवलं तर? अडीअडचणीला..." नातीनं तिच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच थांबलं. बंगलोरचा पुतण्या म्हणतो, बोजारा फोनवर पाठवतो. त्याला कळवलं आहे की बैलाकडे फोन नाही, सुट्टे घेऊन ये.